विमानांचा गोंगाट : मोजावा कसा आणि आवरावा कसा

ध्वनिशास्त्रावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारील, तर आमच्यापाशी त्याला एकच उत्तर आहे. आमची उमेदीची वर्षे यंत्रमागांच्या शेडमध्ये गेली. सगळे माग एकदम चालू असले म्हणजे तेथे शेजारच्या माणसाचे ओरडणेही ऐकू येत नाही. कामगार ओठांच्या हालचालींवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलतात. पन्नाशीला आलेला मागवाला घरी रेडिओ मोठ्याने लावतो, बायकोने हाक मारली तर ओ देत नाही, आणि घरची माणसे त्याला विसरभोळा समजतात. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला नव्वद डेसिबेल ही मर्यादा घातलेली आहे, हे आम्हांला संघटनेच्या कामात पडल्यावर पुष्कळ वर्षांनी कळले. आणि डेसिबेल म्हणजे काय हे उमगावयास त्याहूनही अधिक काळ लागला. आज जे सांगावयाचे आहे ते याच धडपडीतून हाती आलेले आहे.

विमानांकडे मात्र आमचे लक्ष वळले ते एका सभेमुळे. विमानतळावर सामानाची चढउतार करणाऱ्या कंत्राटी कामगारांची ती सभा, कुंपणालगतच्या त्यांच्याच वस्तीत रात्री भरली होती. विषय मजुरीचा. दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जाई आणि आमचे भाषण अडे. शेवटी मागच्या बाजूला बसलेली एक बाई उठून म्हणाली, "दादा, पगाराचं बोला, पण ह्याचंबी काही बोला की. पोर रात्रभर दचकून उठतंय." आम्ही म्हणालो, "ताई, याच विमानांवर तुमची चूल पेटते." सभेत हशा पिकला आणि ती बाई खाली बसली. तो हशा आम्हांला पुढे बरेच दिवस बोचत राहिला, कारण आम्ही दिलेले उत्तर आमचे नव्हते, मालकाचे होते. मागावरच्या बहिरेपणाबद्दल आम्ही तोंड उघडले, तेव्हा आम्हांलाही हेच ऐकविण्यात आले होते.

असो. प्रथम मापाविषयी.

डेसिबेल हे फूट-इंचांसारखे सरळ माप नव्हे. नव्वद डेसिबेलचा एक माग चालू आहे आणि शेजारी तसाच दुसरा सुरू केला, तर बेरीज एकशेऐंशी होत नाही, त्र्याण्णव होते. तीन डेसिबेल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दुप्पट झाली, दहा वाढले म्हणजे दसपट झाली, वीस वाढले म्हणजे शंभरपट. कानाला मात्र दहा डेसिबेलची वाढ साधारण दुप्पट वाटते. निसर्गाने कान असा केला आहे म्हणून आपण पानांची सळसळही ऐकू शकतो आणि ढगांचा गडगडाटही सोसू शकतो. परंतु त्यामुळे एक फसगत होते. 'मर्यादा होती पंचेचाळीस, झाले पासष्ट' असे वाचले की वाटते, दीडपटीहून कमीच की! प्रत्यक्षात ती वाढ शंभरपट असते. शिवाय घोगरे, खर्जातले आवाज कानाला कमी ऐकू येतात, म्हणून मोजणीच्या यंत्रात कानाच्या जातीची एक गाळणी बसविलेली असते. तिला 'ए' गाळणी म्हणतात. विमानाच्या गुरगुरण्याचा बराचसा भाग या गाळणीत अडतो. छपराचा पत्रा मात्र ती गाळणी लावून थरथरत नाही.

एका क्षणाचा आवाज यंत्राने मोजणे सोपे आहे. कठीण प्रश्न पुढे आहे. विमान येते आणि जाते. अर्धा मिनिट कल्लोळ, मग शांतता, मग पुन्हा कल्लोळ. अशा दिवसाचा एकच आकडा काढावयाचा कसा? त्या एका आकड्यावर कोणाच्या घराला मदत मिळणार आणि कोणाला नाही हे ठरते, म्हणून तो कोणी आणि कोणत्या रीतीने काढला हे पाहिले पाहिजे. या प्रश्नाचा इतिहास लंडनच्या हीथ्रो विमानतळाभोवती फार चांगला पाहावयास मिळतो.

हीथ्रो १९४६ साली नागरी वाहतुकीस खुला झाला. १९५८च्या सुमारास जेट विमाने येऊ लागली आणि भोवतालच्या वस्त्यांतून ओरड सुरू झाली. तेव्हा ब्रिटिश सरकारने १९६० साली सर ॲलन विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली गोंगाटाच्या प्रश्नावर एक समिती नेमली. विल्सन हे मूळचे नामांकित पदार्थवैज्ञानिक, पुढे कारखानदारीत शिरलेले. १९६३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. या समितीच्या कामातील एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. १९६१ साली हीथ्रोच्या दहा मैलांच्या टापूतील १,७३१ रहिवाशांना घरी जाऊन विचारण्यात आले की तुम्हांला किती त्रास होतो, आणि त्याच भागातला आवाज यंत्राने मोजण्यात आला. म्हणजे यंत्राची साक्ष आणि माणसाची साक्ष शेजारी शेजारी ठेवून पाहिली. त्यातून 'ध्वनी आणि संख्या यांचा निर्देशांक' निघाला. माणसाला दोन गोष्टी छळतात, एक विमान किती मोठ्याने ओरडते ही आणि अशी विमाने किती जातात ही, असे त्यांना आढळले. त्या सूत्रात विमानांची संख्या दुप्पट झाली की निर्देशांक साडेचारांनी वाढे.

१९९० साली ब्रिटनने हे माप टाकून दुसरे घेतले. त्याला 'समतुल्य ध्वनिपातळी' म्हणता येईल. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंतच्या सोळा तासांत जेवढी ध्वनिशक्ती कानावर पडली, तेवढीच जर अखंड एकसारखी पडत राहिली असती तर ती किती डेसिबेलची असती, असा हा हिशेब आहे. शास्त्रीय दृष्टीने तो नीटनेटका आहे आणि आज जगात बहुतेक ठिकाणी तोच वापरतात. परंतु यात विमाने दुप्पट झाली तर आकडा तीननेच वाढतो. संख्येचे वजन घटले. सत्तावन्न डेसिबेल ही रेषा ठरली. तिच्या आत त्रास ठळकपणे सुरू होतो असे सरकारी नकाशे मानू लागले.

आता पाहा काय होते. नवी विमाने जुन्यांपेक्षा खरोखरच कमी ओरडतात, पण ती संख्येने वाढत राहतात. नकाशावरची सत्तावन्नची रेषा वर्षानुवर्षे आक्रसत जाते आणि अधिकारी सांगतात की त्रासात राहणारी माणसे कमी झाली. रहिवासी सांगतात, पूर्वी चहाच्या वेळी एक विमान जाई, आता चहा संपेपर्यंत चार जातात. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. कारखान्यात व्यवस्थापकाचा पगार आणि झाडूवाल्याची मजुरी मिळवून सरासरी काढली, तर ताळेबंदात सर्व जण सुखी दिसतात, त्यातलाच हा प्रकार. ब्रिटनमध्येच २०१४ साली रहिवाशांची पुन्हा पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली छापून आले. पूर्वीच्या १९८२च्या पाहणीत सत्तावन्न डेसिबेलला जितकी माणसे अतिशय त्रस्त आढळली होती, तितकी आता चोपन्नलाच आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपासाठी २०१८ साली जी मार्गदर्शक मर्यादा सुचविली ती तर याहून पुष्कळच खाली आहे : विमानांसाठी दिवसरात्रीची मिळून पंचेचाळीस आणि नुसत्या रात्रीची चाळीस.

आपल्या देशात काय आहे? २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत पंचेचाळीस डेसिबेल ही मर्यादा आहे. गणपतीच्या मांडवामुळे ती सर्वांच्या परिचयाची झाली आहे. परंतु २०१८ साली केंद्र सरकारने विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रासाठी वेगळी अधिसूचना काढली. वर्षाला पन्नास हजारांहून अधिक उड्डाणे-उतरणी होणाऱ्या विमानतळाभोवती दिवसा सत्तर आणि रात्री पासष्ट. म्हणजे त्या क्षेत्रातल्या माणसाच्या रात्रीला शंभरपट आवाजाची मुभा दिली.

आणि हेही सरासरीनेच. आम्ही एक साधा हिशेब मांडून पाहिला. श्रोत्यांपैकी कोणी गणिताचे शिक्षक असतील तर त्यांनी तपासून पाहावा. रात्रीचे आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद. एक विमान अर्धा मिनिट ऐंशी डेसिबेलने डोक्यावरून जाते आणि एरवी रात्र शांत आहे, असे धरा. अशी चार विमाने गेली तर रात्रीची समतुल्य पातळी होते सुमारे छप्पन्न. पासष्टची मर्यादा गाठावयास अशी तीस विमाने जावी लागतात. तेव्हा घरातले मूल रात्रीत तीस वेळा दचकून उठले तरी नियम मोडत नाही. त्या बाईला आम्ही हे सांगावयास गेलो असतो, तर ती म्हणाली असती की मग नियमच झोपलेला आहे.

दचकण्यावर थांबत नाही, हेही आता चांगले ठाऊक झाले आहे. हीथ्रो, हॉलंडमधील स्खिपोल आणि स्पेनमधील बाराखास या विमानतळांजवळच्या ८९ शाळांतील २,८४४ मुलांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. शाळेवरचा विमानांचा आवाज जितका अधिक, तितके मुलांचे वाचन मागे, असे तीत दिसले. कोणी म्हणेल, विमानतळाजवळ गरीब राहतात, गरिबांची मुले मागेच असतात. ही शंका खोटी ठरविणारी एक घटना म्युनिकला घडली. तेथील जुना विमानतळ मे १९९२ मध्ये बंद होऊन दुसऱ्या जागी नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही जागची सुमारे दहा वर्षांची मुले स्थलांतराच्या आधी आणि नंतर तपासली. जुन्या जागी मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारले. नव्या जागी तीच बिघडली. मुले तीच, घरे तीच, आईबाप तेच. बदलले होते ते फक्त आकाश.

आता उपायांकडे वळू. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २००१ साली चार वाटा सांगितल्या आहेत : विमानच कमी आवाजाचे करणे, विमानतळाभोवती वस्ती होऊ न देणे, उडण्या-उतरण्याच्या रीती बदलणे, आणि शेवटी उड्डाणांवर बंधन घालणे. हा क्रम विमानकंपन्यांना सोयीचा आहे, हे सांगावयास नकोच.

पहिल्या वाटेवर मात्र माणसाच्या बुद्धीने मोठी मजल मारली आहे. तिचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली दाखवून दिले की जेटच्या झोताचा आवाज झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. याचा व्यवहारी अर्थ असा की वेग निम्मा केला तर आवाजाची शक्ती अडीचशेहून अधिक पटींनी घटते. मग यंत्रज्ञांनी इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा बसवून पुष्कळ हवा सावकाश मागे लोटण्याची युक्ती काढली. जुन्या जेटचा कर्कश किंचाळा आज ऐकू येत नाही तो यामुळे. इंजिन शांत झाल्यावर लक्षात आले की उतरताना चाके आणि पंखांच्या पट्ट्याही गोंगाट करतात. एअरबस ३२० जातीच्या विमानांच्या पंखांखाली टाकीतल्या दाबाला वाट देणारी गोल भोके असतात. त्यांवरून वारा गेला की रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखी शीळ वाजे. भोकाच्या पुढे धातूची एक छोटी पट्टी बसविली की ती शीळ बंद होते. लुफ्तान्सा कंपनीने २०१४ पासून तशा पट्ट्या बसविल्या. जे एवढ्याशा पट्टीने साधते त्याला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर यंत्रशास्त्रात सापडणार नाही. शीळ विमानात बसलेल्याला ऐकू येत नव्हती.

वस्ती होऊ न देणे ही दुसरी वाट मुंबईच्या बाबतीत बोलून उपयोग नाही. कुर्ला, घाटकोपर, विलेपार्ले यांच्या मधोमध ती धावपट्टी आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. उलवे-पनवेलकडे इमारती उठत आहेत, तेथे मात्र या वाटेचा विचार करण्यास अजून अवकाश आहे. दुहेरी काचेच्या खिडक्या हा युरोपात नेहमी दिला जाणारा उपाय. जेथे बारा महिने खिडकी उघडी ठेवून झोपावे लागते, आणि आवाज पत्र्यातूनच आत येतो, तेथे ती काच कोठे बसवावयाची?

हीथ्रोला दंडाची पद्धतही आहे. धावपट्टीवर दौड सुरू केल्यापासून साडेसहा किलोमीटरवर यंत्रे उभी केली आहेत. उडणाऱ्या विमानाने दिवसा चौऱ्याण्णव डेसिबेल ओलांडले की दंड. परंतु हा नियम उडणाऱ्यांना आहे, उतरणाऱ्यांना नाही. उतरणीच्या वाटेखाली राहणाऱ्यांना त्याचा काही उपयोग नाही. तेथल्या लोकांना त्याहून अधिक उपयोगी पडली ती पाळी. दोन धावपट्ट्यांपैकी उतरण्याची धावपट्टी दुपारी तीन वाजता बदलतात, त्यामुळे निदान अर्धा दिवस डोक्यावरचे आकाश मोकळे मिळते. तो कधी मिळणार हे आधी ठाऊक असते. पाळीची किंमत कामगाराला वेगळी सांगावी लागत नाही.

आता न्यायालयांकडे. कायद्याला मोजता येणारे नुकसान लागते. अमेरिकेत उत्तर कॅरोलायना राज्यात कॉस्बी नावाच्या शेतकऱ्याचे कोंबड्यांचे खुराडे होते. युद्धकाळात त्यावरून लष्करी विमाने इतकी खालून जात की कोंबड्या भेदरून भिंतींवर आपटून मरत. अशा दीडशे मेल्या. १९४६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की इतक्या खालून आणि इतक्या वारंवार जाणे म्हणजे त्याच्या जमिनीचा एक प्रकारे ताबाच घेणे होय आणि त्याची भरपाई मिळाली पाहिजे. कोंबड्या मोजता आल्या म्हणून दावा उभा राहिला. कॉस्बी कुटुंबाची गेलेली झोप तशी मोजता आली नसती.

झोपेसाठी झगडले ते जपानमधील ओसाका शहराजवळचे लोक. तेथील इतामी विमानतळावर १९६४ साली जेट विमाने आली आणि १९७० साली तीन हजार मीटरची नवी धावपट्टी सुरू झाली. उड्डाणाच्या वाटेखालच्या कावानिशी गावच्या रहिवाशांनी १९६९ साली सरकारवर दावा लावला. भरपाई मागितलीच, पण मुख्य मागणी होती ती रात्री नऊ ते सकाळी सात विमाने बंद करा ही. १९७४ साली खालच्या न्यायालयाने दहानंतरची बंदी दिली. १९७५ साली वरच्या न्यायालयाने नऊची मागणी मान्य केली. पुढे १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने झालेल्या त्रासाची भरपाई कायम केली, परंतु विमानतळ चालविणे हा सरकारी अधिकाराचा विषय आहे, दिवाणी दाव्यात त्यावर मनाई हुकूम मागता येत नाही, असे म्हणून बंदी रद्द केली. कागदावर लोक हरले. पण तोवर नऊनंतरची नियमित उड्डाणे थांबली होती, आणि ती पुन्हा सुरू करण्याचे धाडस कोणी केले नाही. आजही इतामीचे तास सकाळी सात ते रात्री नऊ हेच आहेत.

या लढ्याचा आम्ही पुन्हा पुन्हा विचार करतो तो असा. त्यांनी डेसिबेल मागितले असते तर वर्षानुवर्षे यंत्रांवर, सरासरीवर आणि नकाशांवर वाद झाला असता. त्यांनी तास मागितले. घड्याळ प्रत्येक घरात असते. नऊ वाजून गेल्यावर विमान गेले की लहान मुलालाही कळते की करार मोडला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची मागणी मांडली, तेव्हा कामगाराचा सरासरी थकवा इतका असावा असे ते म्हणाले नाहीत. आठवड्यातला एक पुरा दिवस द्या, असे म्हणाले. आणि जून १८९० मध्ये रविवार मिळाला.

जर्मनीत फ्रँकफुर्टला २०११पासून रात्री अकरा ते पहाटे पाच नियमित उड्डाणे बंद आहेत. हीथ्रोला मध्यरात्रीच्या साडेअकरापासून सकाळी सहापर्यंत वर्षाला ५,८०० विमानांचीच मुभा आहे. हे वाचून आम्हांला आनंद झाला. पण नंतर वेळापत्रक पाहिले. युरोपात सकाळी उतरावयाचे तर मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघावे लागते. रात्रीच्या उड्डाणांचे हे एकमेव कारण नव्हे; तरी तिकडच्या झोपेचा थोडा खर्च इकडच्या वस्तीवर पडतो, हे खरेच आहे.

राहिला चुलीचा प्रश्न. तो आम्ही टाळणार नाही. हीथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीच्या वादात युनाइट ही ब्रिटनमधील मोठी कामगार संघटना धावपट्टीच्या बाजूने उभी राहिली, आणि तिला दोष द्यावयास आमची जीभ रेटत नाही. कामे तिच्या सभासदांची आहेत. इतामीतही ज्या नगरपालिकांनी एके काळी विमानतळ हटवा म्हणून आवाज उठविला, त्यांनीच १९९० साली तो राहू देण्यास संमती दिली, आणि १९९४ साली समुद्रात भर घालून नवा विमानतळ झाल्यावरही जुना चालूच राहिला. परंतु त्यांनी तो नऊच्या अटीवर ठेवला. विमानतळ की झोप असा पेच कोणी आपल्यापुढे टाकला, तर तो पेच त्याच्या सोयीचा आहे असे समजावे.

आम्ही त्या वस्तीत पुन्हा गेलो. कामगारांपैकी दोघा तरुणांनी वही घालण्याचे कबूल केले. वहीत रकाने चारच : वेळ, विमान उडाले की उतरले, आवाज, आणि घरात कोणी जागे झाले का. आवाजाच्या रकान्याला हातातला मोबाइल फोन पुरतो. त्याचा आकडा न्यायालयात टिकणार नाही, कारण फोनचा ध्वनिग्राहक प्रमाणित नसतो. पण किती वेळा आणि किती वाजता, ही साक्ष टिकते, आणि विमान कोणते होते हे विमानांचा माग दाखविणाऱ्या नकाशावरून ताडून पाहता येते. प्रमाणित यंत्राने मोजणी करावी असा अर्ज आम्ही लिहून दिला. तो वाचून दाखविताना 'विमानतळ परिसरात योग्य ठिकाणी' असे शब्द आले, तेव्हा सभेत उठलेली तीच बाई म्हणाली, "योग्य ठिकाण तेच ठरवणार. असं लिहा, की यंत्र आमच्या पत्र्याखाली ठेवा, आणि रात्री ठेवा." आम्ही ती ओळ तशीच घातली.